नगरपालिकेच्या दोन चाव्या

नगरपालिका हा शब्द आपल्या घराघरांत रोज उच्चारला जातो, पण बहुधा तक्रारीच्या स्वरात. नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, रस्त्यावरचा दिवा गेला, जन्माचा दाखला मिळेना, की आपण नगरपालिकेला बोल लावतो आणि गप्प बसतो. ही संस्था नेमकी कोण चालवते, तिला अधिकार कोणी दिले, तिच्यात आपला माणूस कसा जातो आणि गेल्यावर त्याने काय करायचे असते, याची नीट माहिती मात्र शिकल्यासवरलेल्या घरांतही अभावानेच आढळते. लोकसभा आणि विधानसभेच्या राजकारणावर आपण तासन्‌तास बोलतो. ज्या संस्थेचा ठराव थेट आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो, तिच्याविषयी मात्र आपण अनभिज्ञ असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने लहान शहराची नगरपालिका कशी निवडली जाते आणि कारभार कसा करते, हे सोप्या भाषेत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

कायद्याची चौकट

बोलण्यात आपण नगरपालिका म्हणतो, कायदा तिला नगरपरिषद म्हणतो. महाराष्ट्रातील सर्व नगरपरिषदांचा कारभार १९६५ सालच्या अधिनियमानुसार चालतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची ती 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाखापर्यंतची 'ब' वर्ग आणि चाळीस हजारांपर्यंतची 'क' वर्ग नगरपरिषद होय. गाव म्हणून ज्याची वाढ थांबलेली नाही आणि शहर म्हणून जे पुरते घडलेले नाही, अशा दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या ठिकाणी नगरपंचायत असते. महानगरपालिकांचा कायदा निराळा असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना राज्यघटनेत स्थान मिळाले. तत्पूर्वी एखादी नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे निवडणूक न घेणे सरकारच्या हातात होते. आता मुदत पाच वर्षांची, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक आणि मध्येच बरखास्ती झाल्यास सहा महिन्यांत नवी निवडणूक, असा घटनेचाच दंडक आहे. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा याच दुरुस्तीने राखून ठेवल्या. महाराष्ट्राने महिलांचा हा वाटा २०११ साली निम्म्यावर नेला. निवडणुका घेण्यासाठी १९९४ मध्ये स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कारभाराचे १८ विषय दिले आहेत. त्यांतील कोणते अधिकार प्रत्यक्षात नगरपालिकांना द्यायचे, हे मात्र राज्य सरकार ठरवते.

ठरावाची किंमत

नगरपालिका चालते ती ठरावावर. सभेने ठराव केला की ती संस्थेची इच्छा ठरते. या ठरावाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या समाजाच्याच इतिहासात आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्यास अनुसरून १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण तळ्यावर पाऊल ठेवण्याची सोय झाली नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो स्त्रीपुरुषांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे महाडच्या नगरपालिकेतील पुढारी त्या वेळी सत्याग्रहींच्या बाजूने उभे होते. तरीही सनातन्यांच्या दडपणाखाली त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. तळे कोणा खाजगी मालकांचे नसून नगरपालिकेच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्राचीन रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही, हे त्या निकालाचे सार होय.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ठराव केला म्हणजे काम झाले असे नाही. ज्या सभेने ठराव केला ती तो मोडूही शकते, म्हणून सभेत कोण बसले आहे याला महत्त्व आहे. आणि नगरपालिकेची मालमत्ता ही सर्वांची मालमत्ता आहे. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून होता. ज्यांना तळ्याचे पाणी हवे होते, त्यांतील फारच थोड्यांना तळ्याचा निर्णय करणाऱ्यांना निवडता येत होते. आज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत आहे. घर भाड्याचे असो की झोपडे असो, मत एकसारखेच मोजले जाते.

नगरसेवक कसा निवडून येतो

निवडणुकीची सुरुवात मतदानाच्या दिवशी होत नाही. ती कित्येक महिने आधी प्रभागरचनेपासून होते. शेवटच्या जनगणनेच्या आकड्यांवरून शहराचे प्रभाग पाडले जातात. नगरपरिषदेत सर्वसाधारणपणे एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडले जातात, नगरपंचायतीत एकच. प्रभागाची रेघ कोठून जाते यावर पुष्कळ अवलंबून असते. एखादी वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली तर दोन्हीकडे ती अल्पसंख्य ठरते. म्हणून प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाली की नकाशा पाहणे आणि मुदतीत हरकत नोंदविणे हे वस्तीतील जाणत्या मंडळींचे पहिले काम आहे.

त्यानंतर आरक्षण. ज्या प्रभागांत अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाण सर्वाधिक, ते प्रभाग उतरत्या क्रमाने त्या वर्गासाठी राखीव होतात. त्यातील महिलांच्या जागा सोडतीने ठरतात. नगराध्यक्षपदाच्या आरक्षणाची सोडत मात्र राज्यपातळीवर निघते. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्यामुळे या सर्व निवडणुका लांबल्या, त्याविषयी पुढे येईलच.

येथे आमच्या वाचकांशी थेट संबंध असलेला एक मुद्दा सांगणे अगत्याचे आहे. राखीव जागा जनगणनेतील अनुसूचित जातींच्या आकड्यावर ठरतात. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचा समावेश १९९० मध्ये घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात झाला. जनगणनेच्या पत्रकात धर्म आणि अनुसूचित जात हे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिल्याचे उत्तर 'बौद्ध' असे लिहून दुसरा प्रश्न रिकामा सोडला, तर ती व्यक्ती अनुसूचित जातींच्या संख्येत मोजली जात नाही, आणि प्रभागाचे प्रमाण तेवढे घटते. दोन्ही उत्तरे देण्यात कोणतीही विसंगती नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झालेला आहे. गणना करणारा दारात येईल तेव्हा घरात जो कोणी असेल, त्याला ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

उमेदवाराचे वय किमान एकवीस वर्षे हवे आणि त्याचे नाव त्या नगरपालिकेच्या मतदार यादीत हवे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागते. नगरपालिकेच्या कराची थकबाकी, दोनपेक्षा अधिक अपत्यांचा नियम, आधीच्या निवडणुकीचा खर्च सादर न करणे, अशा कारणांनीही उमेदवारी किंवा पद जाऊ शकते. उत्साही तरुण शेवटच्या दिवशी अर्ज भरायला धावतात आणि एका कागदासाठी बाद होतात. ज्याला उभे राहायचे आहे त्याने कागदपत्रांची तयारी वर्षभर आधी करावी.

मतदाराच्या बाबतीतही एक सूचना. दोन नगरसेवकांचा प्रभाग असेल आणि नगराध्यक्ष थेट निवडायचा असेल, तर मतदाराला तीन मते द्यायची असतात. वस्तीतील वृद्ध आयाबहिणींना हे आधी समजावून सांगितले पाहिजे.

नगराध्यक्षाच्या निवडीची पद्धत महाराष्ट्रात वारंवार बदलली आहे. २००१ मध्ये थेट जनतेतून, २००६ मध्ये नगरसेवकांतून, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून आणि २०२२ मध्ये परत थेट, अशी ही ये-जा आहे. नगरसेवकांनी निवडायचे म्हटले की फोडाफोडी आणि सहली सुरू होतात. थेट निवडीत हा प्रकार टळतो. परंतु अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असे झाले, तर सभेत रोज ओढाताण होते. दोन्ही पद्धतींत गुणदोष आहेत, मतदाराने ते समजून मत द्यावे.

दोन चाव्या

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. आमच्याकडे रोकड ठेवण्याच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. हा कोणावर अविश्वास नव्हे, ही पद्धत आहे. नगरपालिकेची रचना आम्हाला अगदी तशीच वाटते.

पहिली चावी निवडून आलेल्या सभेकडे. नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. उपाध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जातो. काही स्वीकृत सदस्य घेतले जातात, त्यांना बोलता येते, पण मत देता येत नाही. स्थायी समितीखेरीज बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. कर किती लावायचा, अंदाजपत्रकात कशाला किती रक्कम ठेवायची, कोणते काम आधी घ्यायचे, हे ठरविणे सभेचे काम.

दुसरी चावी मुख्याधिकाऱ्याकडे. तो शासनाचा अधिकारी असतो, मत मागायला येत नाही, आणि बदली होऊन जातो. ठरावाची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण आणि हिशेब ही त्याची जबाबदारी. सभेने बेकायदेशीर ठराव केला तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि जिल्हाधिकारी अशा ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. 'साहेब ऐकत नाहीत' असे नगरसेवकाने म्हणायचे आणि 'सभेने ठराव केला नाही' असे साहेबांनी म्हणायचे, हा अनुभव पुष्कळांना असेल. कोणती चावी कोणाकडे आहे हे ज्याला कळते, त्याला असे टोलवता येत नाही.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळू. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीस संपली. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात असल्याने नव्या निवडणुका झाल्या नाहीत आणि सर्वत्र प्रशासक बसले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. ही मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. अखेर २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर होऊन २ डिसेंबर २०२५ रोजी, आणि काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झाले. मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. पाच वर्षांची मुदत घटनेत लिहिलेली असताना जवळजवळ चार वर्षे दोन्ही चाव्या एकाच हातात राहिल्या. प्रशासक वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही, काहींनी उत्तम कामे केली. परंतु सभा नाही म्हणजे जाहीर चर्चा नाही, प्रश्न विचारणारा नाही, अंदाजपत्रकावर हरकत घेणारा नाही. बँकेत दोन्ही चाव्या एकाकडे सापडल्या तर एक रुपया गहाळ नसतानाही तो दोषच धरला जातो.

पैसा कोठून येतो, कोठे जातो

घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, परवाना व विकास शुल्क हे नगरपालिकेचे स्वतःचे उत्पन्न. पूर्वी जकात हे मोठे साधन होते. नगरपरिषद क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या बदल्यात शासन अनुदान देऊ लागले. तेव्हापासून लहान शहरे शासनाच्या अनुदानावर अधिकाधिक विसंबून आहेत. वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातील काही भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच खर्च करावा लागतो.

दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के रक्कम राखून ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. शहरी वस्त्यांसाठी पूर्वीची दलित वस्ती सुधार योजना होती, ती आता लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने चालते. या रकमा अंदाजपत्रकात दिसतात. प्रश्न असतो तो वर्षअखेर त्यातील किती खर्च झाल्या आणि कशावर झाल्या याचा. वस्तीच्या नावाचा निधी वस्तीबाहेरच्या रस्त्यावर गेला का, हे अंदाजपत्रक आणि वार्षिक हिशेब शेजारी ठेवून पाहिले की कळते. यासाठी हिशेबतपासनीस असण्याची गरज नाही, बेरीज-वजाबाकी येणारा कॉलेजचा विद्यार्थी पुरेसा आहे.

आणखी एक बाब. शहराची स्वच्छता ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या सफाई कामगारांची मालक नगरपालिकाच असते, मग नेमणूक कायम असो वा ठेकेदारामार्फत. २०१३ च्या कायद्याने मैला हाताने साफ करण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात वा शौचालयाच्या टाकीत माणूस उतरविण्यास मनाई आहे. ठेक्याच्या करारात हातमोजे, बूट, भविष्यनिर्वाह निधी यांची तरतूद आहे की नाही, हा प्रश्न सभेत विचारणे नगरसेवकाचे कर्तव्य आहे.

अर्जाचा प्रवास

समजा, वस्तीत गटार बांधायचे आहे. तोंडी सांगितलेले काम हवेत विरते. म्हणून रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज आवक-जावक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घ्यावा. हा क्रमांक म्हणजे पुढच्या सगळ्या पाठपुराव्याचा आधार.

नंतर अभियंता जागा पाहून खर्चाचा अंदाज काढतो. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. तो तेथे आणणे नगरसेवकाचे काम, आणि तो आला की नाही हे पाहणे आपले. सभेत ठराव होऊन प्रशासकीय मान्यता मिळते, तांत्रिक मंजुरी होते, निविदा निघते, ठेकेदारास कार्यादेश दिला जातो. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो आणि त्यावरून बिल निघते. गटार शंभर मीटर लिहिले आणि सत्तर मीटरच बांधले, तर ते येथेच उघड होते. मोजपट्टी घेऊन दोन तरुणांनी उभे राहावे, एवढेच त्यासाठी लागते.

काम अडले तर ते यापैकी कोणत्या पायरीवर अडले, हे विचारावे. 'काम का होत नाही' या प्रश्नाला गोल उत्तर मिळते. 'अमुक क्रमांकाच्या अर्जाचा अंदाज तयार झाला का, विषय कोणत्या सभेपुढे ठेवला' या प्रश्नाला तसे उत्तर देता येत नाही. तरीही टाळाटाळ झाली तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून ठरावाची प्रत, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातील नोंद मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तर शुल्कही नाही.

शेवटी दोन शब्द

नगरपालिकेत आपली माणसे आज पूर्वीपेक्षा जास्त संख्येने जातात, त्यांत निम्म्या भगिनी असतात. ही मोठी गोष्ट आहे. परंतु नगरसेविका सभेत गप्प आणि बाहेर तिचे पती कारभारी, हे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. राखीव जागा बाईला मिळालेली आहे, सही तिची आहे, जबाबदारीही तिचीच आहे. तिला कायद्याचे पुस्तक, विषयपत्रिका आणि अंदाजपत्रक वाचायला बसविणे हे घरच्यांनी आणि समाजाने करायचे काम आहे. आपल्या संस्थांनी निवडून आलेल्या सर्व नगरसेवकांसाठी दोन दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला, तर सत्कारावर होणाऱ्या खर्चापेक्षा तो अधिक सार्थकी लागेल.

नवीन सभागृहे आता नुकतीच बसली आहेत. हार-तुरे वाळण्याच्या आत प्रत्येक वस्तीने आपल्या पाच मागण्यांचा लेखी अर्ज द्यावा, त्याचा क्रमांक विहाराच्या फलकावर लावावा आणि दर महिन्याला त्याच्यापुढे तो कोठवर आला हे लिहावे. महाडच्या ठरावाला तीन वर्षे वाट पाहावी लागली, कारण तो मागायला जाण्याचा मार्गच बंद होता. आपल्यासाठी तो मार्ग मोकळा आहे. पुढच्या अंदाजपत्रकाची सभा केव्हा आहे, एवढे उद्या नगरपालिकेत जाऊन विचारून यावे.